एका बाळासाठी व्हायल फोडायची का?

तीनशे माणसांच्या पाड्यावर वर्षाला फार तर पाच-सहा बाळं जन्मतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची, म्हणजे अशा पाड्यावर त्या लशीचं बाळ दोन महिन्यांतून एखादं निघणार. लस मात्र येते पाच किंवा दहा डोसांच्या व्हायलमध्ये, भुकटीच्या रूपात. सोबतच्या डायल्युएंटमध्ये ती एकदा कालवली की चार तासांच्या आत वापरायची आणि उरलेली टाकून द्यायची, कारण तिच्यात जंतू वाढू लागले तर औषधाचं विष व्हायला वेळ लागत नाही. सरकारचा नियम याबाबत स्वच्छ आहे: समोर एकच बाळ असलं तरी व्हायल फोडा. बीसीजीसारख्या लशीत तर निम्मे डोस वाया जाणार हे मागणीच्या हिशेबातच धरलेलं असतं.

तरीही कितीतरी पाड्यांवर नर्सबाई आईला सांगतात, ‘पुढच्या महिन्यात या, अजून एक-दोघं होतील तेव्हा फोडू.’ त्यांचंही चुकतं असं नाही. आढावा बैठकीत किती डोस वाया गेले हे विचारणारा साहेब असतो. पाड्यावरून किती बाळं परत गेली हे विचारायला कागदावर रकानाच नसतो. परत गेलेली आई पुढच्या महिन्यात मजुरीवर असते. त्याच्या पुढच्या महिन्यात सत्र आठवडी बाजाराच्या दिवशी पडतं. असं करता करता बाळ दोन वर्षांचं होतं.

खेड्यापाड्यांतल्या लसीकरणाबद्दल शहरात बोलणं निघालं की उत्तर तयार असतं: लोक अडाणी आहेत, भगताकडे जातात, सुईला घाबरतात, म्हणून जनजागृती करा. मग पथनाट्य होतं, प्रभातफेरी निघते, फ्लेक्स लागतात. या निदानात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. लहान वस्तीतलं बाळ लशीविना राहतं ते बहुतेक वेळा आईने नकार दिला म्हणून नव्हे. लस, गाडी, नर्स आणि टक्केवारी या सगळ्यांची मापं हजारांच्या लोकसंख्येसाठी बेतलेली आहेत आणि तीनशे माणसांची वस्ती त्या मापात बसत नाही, हे खरं कारण आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे हेच सांगतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातली १२ ते २३ महिन्यांची सुमारे ७६ टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली निघाली. एकही लस न मिळालेली मुलं होती चार टक्क्यांच्या आसपास. उरलेली वीसेक टक्के मुलं लशीपर्यंत पोचली होती, त्यांच्या आयांनी निदान एकदा बाळाची मांडी पुढे केली होती, आणि नंतर ती मधेच सुटली. कधीच न येणाऱ्यांच्या जवळपास पाचपट माणसं येऊन गळतात. ज्या आईने पहिली सुई घेऊ दिली तिला सुईचं महत्त्व पटवायला पथनाट्य कशाला? ती परत का आली नाही, एवढंच शोधायचं आहे.

याच सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागाचा आकडा शहरी भागाहून किंचित पुढे आहे, ७६.८ विरुद्ध ७५.५. तेव्हा ‘खेडं मागे’ हे सरसकट विधान आता टिकत नाही. मागे आहेत ती खेड्यांच्या पोटातली छोटी खेडी: मुख्य गावापासून तुटलेले पाडे, धनगरवाडे, तांडे, शेतातल्या वस्त्या. सर्वेक्षण त्यांना वेगळं मोजत नाही, ती ‘ग्रामीण’ या एका शब्दात विरून जातात.

महाराष्ट्राने तर या बाबतीत फार ऐट दाखवू नये. १९९८-९९ मध्ये देश ४२ टक्क्यांवर असताना आपण ७८ वर होतो. २००५-०६ मध्ये ५९ वर घसरलो, २०१५-१६ मध्ये ५६ वर, आणि पाचव्या फेरीत कसेबसे ७४ च्या घरात परतलो. वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच आकड्याच्या खाली! या काळात राज्यातल्या आया अडाणी होत गेल्या असं कोणी म्हणणार नाही. शाळा वाढल्या, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रस्ते वाढले. मग घसरलं ते काय?

लसीकरणाचं सत्र पाड्यावर कसं भरतं, ते जवळून पाहिलं की याचा थोडा उलगडा होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतून सकाळी लस निघते. निळ्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइस पॅक उभे लावलेले असतात, मधल्या जागेत पिशवीत व्हायली. आइस पॅक फ्रीझरमधून काढून थेट लावायचे नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, नाहीतर पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठून निकामी होते. डबा मोटारसायकलवर बांधून कोणीतरी डांबरी संपेपर्यंत आणून देतो, पुढे चालत. अंगणवाडीच्या ओट्यावर नर्सबाई टेबल मांडतात, व्हायलवर फोडल्याची वेळ लिहितात. आशाताईच्या हातात त्या दिवशी लस ‘ड्यू’ असलेल्या बाळांची यादी असते, आणि ती यादी घेऊन ती घरोघर हाका मारत फिरते. आया येतात, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढतात. त्याच पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि बँकेचं पुस्तक. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ, मग दीड वर्ष: तारखांचा हा पाढा आशाताईला तोंडपाठ असतो. टोचून झालं की कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवा, हे चार शब्द सांगायचे. अर्धा तास बाळाला तिथेच बसवायचं.

यातली एकही कडी निसटली तर सत्र होत नाही. डबा आणणाऱ्याचे पैसे थकले, नर्सबाईंना त्याच दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं, ओढ्याला पाणी आलं, आशाताई दुसऱ्या कामाच्या सर्व्हेला जुंपली. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र हे माप आहे, सपाटीवर पाच हजारांना. सपाटीवरचे पाच हजार दोन-तीन गावांत राहतात. सातपुड्यातले तीन हजार विखुरलेल्या पाड्यांवर. उपकेंद्र लहान केल्याने पायपीट लहान होत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावांना रस्त्यापेक्षा पाणी जवळचं, म्हणून तिथे तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत तिथली एक अंगणवाडीसेविका स्वतः नाव वल्हवत पाड्यांवर जात होती, त्याची बातमी देशभर झाली. तिचं कौतुक झालं ते योग्यच. पण एखाद्या बाईला वल्हं हातात घ्यावं लागतं ही बातमी कौतुकाची जेवढी, तेवढीच व्यवस्थेच्या हजेरीची आहे.

हजेरी हा शब्द मुद्दाम वापरला. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात २००२-०३ च्या सुमारास शंभरेक आरोग्य केंद्रांची दर आठवड्याला पाहणी केली, तेव्हा लसीकरणाची जबाबदारी असलेले ४५ टक्के कर्मचारी कामाच्या दिवशी जागेवर नव्हते. पुढे त्याच भागात ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. काही गावांत महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, न चुकता लसीकरणाचा कॅम्प. काही गावांत तोच कॅम्प, शिवाय प्रत्येक टोचणीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्या की ताटांचा संच. उरलेल्या गावांत जे चालू होतं तेच.

जिथे काहीच केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. नुसत्या नेमाच्या कॅम्पने आकडा १८ वर गेला, म्हणजे तिप्पट. तेही मुख्यतः ठरल्या दिवशी नर्स हजर राहिली म्हणून. डाळ दिली तिथे ३९. पहिली टोचणी घेणाऱ्या मुलांचं प्रमाण दोन्ही प्रकारच्या कॅम्पांत जवळपास सारखं होतं. डाळीचा फरक पडला तो चौथ्या-पाचव्या वेळेला, जेव्हा आईचा धीर संपत आलेला असतो.

आणि तो संपावा यात नवल काय? पेंटाव्हॅलंटच्या डोसानंतर रात्री बाळाला ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. दुसऱ्या दिवशी आई कामाला जाऊ शकत नाही. लस फुकट असली तरी मजुरी बुडते. डाळीची किंमत तेव्हाच्या भावाने ४० रुपयांच्या आसपास, पाऊण दिवसाच्या मजुरीइतकी. ती लाच नव्हती, बुडालेल्या रोजाची थोडीफार भरपाई होती. ‘लोकांना फुकट्याची सवय लागेल’ म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडाही पाहावा. पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे नुसत्या कॅम्पचा खर्च आला २,२०२ रुपये आणि डाळीच्या कॅम्पचा १,१०२. नर्स, गाडी, शीतपेटी यांचा खर्च बाळं चार आली तरी तेवढाच आणि चौदा आली तरी तेवढाच. डाळीने बाळं वाढली आणि माणशी खर्च निम्म्यावर आला. अर्थात डाळीनेही शंभरातली ६१ मुलं अपुरीच राहिली, हे विसरून चालणार नाही. डाळीने रोजाची अडचण हलकी होते. स्थलांतर, अंतर आणि अविश्वास तिच्याने हटत नाहीत.

अंतराचं महत्त्व किती, याचा धडा तमिळनाडूने दिला आहे. एप्रिल २००८ मध्ये तिरुवल्लूर जिल्ह्यात गोवराची लस दिल्यानंतर चार बाळं दगावली. सरकारने खबरदारी म्हणून गावागावांतली सत्रं बंद केली. यापुढे लस मिळेल ती डॉक्टर हाताशी असतील अशा आरोग्य केंद्रात. निर्णय हेतूने चांगला, समजण्यासारखा. पण लसीकरणात देशात पहिल्या रांगेत असलेलं हे राज्य २००५-०६ च्या ८०.९ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ६९.७ वर आलं. सगळा दोष एकट्या त्या निर्णयाचा असं म्हणणं धाडसाचं होईल, मधल्या काळात बरंच काही घडलं. पण रस्ते, बस आणि साक्षरता यांत पाड्यांच्या कैक पटींनी पुढे असलेल्या तमिळ खेड्यातली आईदेखील लस गावाबाहेर गेल्यावर मागे पडत असेल, तर ‘त्यांनी पीएचसीला यावं’ हे मोखाड्याच्या किंवा धारणीच्या पाड्याला सांगणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणंच. पुढे तमिळनाडूने सत्रं पुन्हा गावात नेली, आणि पाचव्या फेरीत तिथला आकडा ८९ च्या वर गेला.

एवढा आटापिटा मूठभर मुलांसाठी कशाला, असा प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर उघडपणे कोणी विचारत नाही, पण मनात तो असतो. ९५ टक्के झालं की अभिनंदनाचं पत्र येतं. गोवराच्या साथीला आळा घालायला ९५ टक्के मुलांना दोन डोस लागतात, हे शास्त्र खरंच आहे. पण ते शास्त्र असं धरून चालतं की उरलेली पाच टक्के मुलं सगळीकडे विखुरलेली असतील. वर्षाला दोन हजार बाळं जन्मणाऱ्या तालुक्यात पाच टक्के म्हणजे शंभर. ती शंभर गावांत एकेक असतील तर गोवराला पुढे सरकायला वाट मिळत नाही. तीच शंभर वीस पाड्यांत असतील आणि दर वर्षी त्याच वीस पाड्यांत असतील, तर चार वर्षांत तिथे चारशे बिनलशीची मुलं साचतात. गोवराचा एक रुग्ण अशा ठिकाणी बारा ते अठरा जणांना लागण देतो. तालुक्याची टक्केवारी तेव्हाही ९५ च दाखवत असते.

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातला नगाडा हा जुआंग आदिवासींचा डोंगरमाथ्यावरचा पाडा २०१६ मध्ये असाच देशाला कळला. खाली सुकिंद्याचं खोरं, जिथून देशातलं बहुतेक क्रोमाइट निघतं. खनिजाचे ट्रक तिथे रात्रंदिवस धावतात. वर गाडीरस्ता नव्हता. काही महिन्यांत १९ मुलं गेली. आधी कुपोषण हे कारण सांगितलं गेलं, मग तपासणीत गोवर निघाला. उपाशी शरीराला गोवर झाला की दोन्ही कारणं एकच होतात. ही मुलं लसीकरणाच्या फेऱ्यात आलीच नव्हती. जिल्ह्याच्या टक्केवारीत त्यांच्यामुळे दशांशानंतरचा आकडासुद्धा हलला नसेल.

लहान वस्ती टक्क्यांत मोजताच येत नाही. सहा बाळांतलं एक राहिलं तर ८३ टक्के, सगळी झाली तर १००. मधलं काही नाही. तिथे मोजायची ती नावं. आपल्या देशाने हे एकदा करून दाखवलं आहे. पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरणारी पथकं दारावर खडूने खूण करत: सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादं बाहेर असेल तर ‘एक्स’. दुसऱ्या दिवसापासून काम उरायचं ते फक्त ‘एक्स’ घरांचं. वीटभट्ट्या, बांधकामं, पुलाखालच्या झोपड्या, रेल्वे स्थानकं यांच्या वेगळ्या याद्या असत. बिहारमध्ये कोसीच्या पुराने दर वर्षी तुटणाऱ्या वस्त्यांसाठी वेगळी आखणी झाली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला वन्य पोलिओचा शेवटचा ठरला. पोलिओचे थेंब देणं सुईपेक्षा सोपं होतं, पैसाही ओतला गेला होता, हे मान्य. पण ‘एक्स’ची खूण करायला खडूच लागतो.

नकार कुठेच नाही असं म्हटलं तर तीही बनवाबनवी होईल. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी काही शाळा रिकाम्या पाडल्या होत्या. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली, तिथे संशयाचाही वाटा होता. पण ही सगळी दाट वस्तीची, शहरी ठिकाणं. पाड्यावरचा संशय वेगळा असतो. ‘मागच्या वेळी ताप आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ या प्रश्नाला तिथे पोस्टर उत्तर देऊ शकत नाही. महिन्याने त्याच वारी त्याच नर्सबाई पुन्हा दिसल्या, तर प्रश्न आपोआप बोथट होतो. हरियाणात झालेल्या एका प्रयोगात तर गावकऱ्यांनाच विचारलं की तुमच्याकडे बातमी सगळ्यात भराभर कोण पसरवतं, आणि सत्राची खबर त्याच माणसांच्या हाती दिली. पाणवठ्यावरच्या गप्पांचा उपयोग आरोग्य खात्याला इतक्या उशिरा सुचावा, हे थोडं गमतीचंच आहे.

महाराष्ट्रापुढचं सगळ्यात अवघड गणित मात्र स्थलांतराचं. मराठवाड्यातून लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरच्या मध्यावर बीडच्या एखाद्या तांड्यावर जन्मलेलं बाळ घ्या. त्याचा दीड महिन्याचा डोस पडतो ऑक्टोबरअखेर, अडीचचा नोव्हेंबरअखेर, साडेतीनचा डिसेंबरअखेर. तिन्ही वेळा ते सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात, चिपाडाच्या कोपीत असणार. गावाकडच्या आशाताईच्या यादीत त्याच्यापुढे ‘बाहेरगावी’ लिहिलं जातं आणि तिचा प्रश्न मिटतो. कारखान्याच्या भागातल्या नर्सबाईंच्या लोकसंख्येत ते बाळ मुळात नाहीच. त्याला टोचलं तर त्यांच्या व्हायली मागणीपेक्षा लवकर संपतात, नाही टोचलं तर त्यांची टक्केवारी शाबूत राहते. कोपीवर जाण्याने त्यांचं कागदोपत्री काहीच वाढत नाही. जव्हारकडून भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांची, नंदुरबारहून गुजरातच्या उसावर जाणाऱ्यांची कथा हीच, फक्त शेवटच्यांना राज्याची हद्दही आडवी येते.

एप्रिलमध्ये ही मुलं परततात तेव्हा हुकलेलं सगळं भरून काढता येतं, हे आयांना आणि काही वेळा कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसतं. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस वर्षाच्या आत केव्हाही सुरू करता येतो. मधे खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे जायचं. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. म्हणजे मे आणि जून हे दोन महिने ऊसतोडीच्या तालुक्यांत नेहमीच्या सत्रांच्या दुप्पट सत्रांचे असायला हवेत. आणि सप्टेंबरअखेर, गाड्या भरायच्या आधी, आणखी एक फेरी.

मधल्या सहा महिन्यांसाठी यादी कुठून आणायची, हा प्रश्न दिसतो तेवढा अवघड नाही. यादी मुकादमाकडे असते. कोणत्या गावातला कोणता कोयता (म्हणजे ऊस तोडणारं जोडपं) कोणत्या कारखान्याला गेला, उचल किती घेतली, जोडप्याबरोबर म्हातारी आहे की नाही, हे त्याच्या वहीत पैशापैशाने लिहिलेलं असतं. त्या वहीत मुलाचा रकाना नसतो, कारण मूल ऊस तोडत नाही. आता ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालेलं आहे; त्याच अर्जावर पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आणि शेवटच्या डोसाची तारीख घेता येईल, आणि ती यादी ज्या कारखान्याला टोळी जाणार त्या भागातल्या आरोग्य केंद्राला गाळप सुरू होण्यापूर्वी पाठवता येईल. तिथल्या नर्सबाईंना त्या मुलांच्या व्हायली वेगळ्या मिळाव्या लागतील, आणि वाया गेलेल्या डोसांचा जाब त्यांना विचारला जाऊ नये. कोपीवर एकच बाळ असलं तरी.